लंडनला गेलेला एक असभ्य शब्द

आदरणीय अध्यक्ष महोदय, मंचावरील मान्यवर पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती मरियम साळवे मॅडम, प्राध्यापकवर्ग आणि जमलेल्या संगमनेरकर बंधुभगिनींनो,

मी राजनंदिनी, मॅडमची जुनी विद्यार्थिनी. निरोपाच्या सभेत असभ्य शब्द काढावा का? मी काढणार आहे. अध्यक्षांनी आजच्यापुरता कानाडोळा करावा.

इथल्याच एका दूध भुकटीच्या कारखान्यात मला नोकरी लागून दोन महिने झाले होते. लंडनच्या ग्राहकाला चुकीच्या तारखांची लेबलं लावलेला माल गेला. तारखा मीच तपासल्या होत्या. इंग्रजी मालिका पाहून माझी भाषा साहेबी झाली होती, निदान मला तसं वाटायचं. मी मेलमध्ये लिहिलं, ‘सॉरी फॉर द कॉक-अप.’ ग्राहकाने आमच्या व्यवस्थापकांना, गोरक्षसाहेबांनाच विचारलं, तुमच्याकडे पत्रव्यवहार याच भाषेत होतो का?

गोरक्षसाहेब मला म्हणाले, “काय लिवलंस पोरी हे? उद्यापर्यंत निस्तर, न्हाईतर घरी बस.”

मी रडतच मॅडमचं घर गाठलं. मॅडम आधी पोटभर हसल्या, मग शब्दकोश उघडून बसल्या.

“अर्थ बरोबर आहे तुझा. घोटाळा, फजिती. ब्रिटिश सैनिकांच्या बोलीतून आला म्हणतात. ‘कॉक’ म्हणजे तिरकं करणं, त्यावरून वाकडं गेलेलं काम, असा एक तर्क. खात्री कुणालाच नाही. पण त्याच शब्दाचा दुसरा अर्थ पुरुषाच्या अवयवाचा आहे. ऐकणाऱ्याला व्युत्पत्ती ऐकू येत नाही गं, शिवी ऐकू येते.”

“मग काय लिहू?”

“आईला काय सांगितलं असतंस?”

“माझं चुकलं.”

“तेवढंच लिही. आणि नवी लेबलं कधी पाठवणार, तेही लिही.”

चार ओळी गेल्या. उत्तर आलं, ‘चूक स्वतःची म्हणणारं कुणीतरी बऱ्याच दिवसांनी भेटलं.’ नोकरी वाचली. मी पेढे घेऊन मॅडमकडे धावले.

“पेढे ठेव तिथे,” त्या म्हणाल्या. “लेबलं गेली का?”

त्या आनंदात लेबलं पाठवायची राहूनच गेली होती. मॅडमनी चहासुद्धा न विचारता मला दारातून परत कारखान्यात पाठवलं.

मॅडम, तुम्ही निवृत्त होताय, पण ‘लेबलं गेली का?’ हे विचारायचं थांबवू नका.

संयोजकांनी बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकलंत, मनापासून आभार. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल, तर आपल्या लेकीचं म्हणून पदरात घ्यावं.