निनावी अर्ज आणि दीड भाकरी

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या एसटी आगाराचे व्यवस्थापक माननीय राजशेखर बिराजदार साहेब, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आपल्या कँटीनच्या नागव्वा आक्का, त्यांच्या घरची मंडळी, आणि समोर बसलेल्या माझ्या चालक-वाहक बंधूंनो आणि भगिनींनो,

मी भीमा खटके, चालक, गाव मोडनिंब. साहेबांनी मला दोनच मिनिटं दिली आहेत. बाकीच्यांना पाच आणि मलाच दोन का, हा संशय मघापासून मला छळतोय. स्वभावच तसा, काय करणार? एकवीस वर्षं गाडी चालवतोय, पण हँडब्रेक ओढल्यावर खाली उतरून चाक बघितल्याशिवाय माझा जीव थाऱ्यावर येत नाही.

आता मुद्द्याचं बोलतो. दोन वर्षांमागं मला सारखी तहान लागायची. करमाळ्याची फेरी करून येईस्तोवर पाण्याच्या तीन बाटल्या संपायच्या. सात रस्ता चौकाजवळच्या एका डॉक्टरांनी रक्त तपासलं. उपाशीपोटी साखर दोनशे ऐंशी. त्यांनी गोळ्या दिल्या, आणि काय खायचं, काय टाळायचं याचा कागद माझं नाव घालून हातात दिला. म्हणाले, "गोळी निम्मं काम करेल, उरलेलं ताटानं करायचंय."

मला धास्ती एकच. आगारात कळलं तर स्टिअरिंग काढून घेतील. खरंच घेतात का? पण विचारायचं कुणाला? ज्याला विचारावं तोच जाऊन सांगेल, असं वाटायचं. म्हणून गोळ्या लपून घेतल्या, आणि त्या कागदाला शेंगाचटणीचे हात पुसून तो कँटीनच्या कचऱ्याच्या टोपलीत टाकून दिला.

त्यानंतर आठवड्यात माझं ताट बदललं. चार चपात्यांच्या जागी ज्वारीची दीड भाकरी. भात गायब. मटकीची उसळ आणि पालेभाजी वाटी वाटी भरून, वर काकडी. चहा बिनसाखरेचा. शेजारच्याला मात्र भाताचा डोंगर. मी म्हणालो, "आक्का, भात?" तर म्हणे, "संपला की." पातेलं तर मला समोर दिसत होतं. मनात पाल चुकचुकली. माझ्या वाटचं ही बाई कुठं पळवते? मी दोन महिने तिच्या पिशवीवर नजर ठेवली, लाज वाटते सांगताना. पिशवीत कधी काही सापडलं नाही, त्यामुळं संशय आणखी वाढला.

मग साहेबांकडं एक निनावी अर्ज गेला, अन्नवाटपात लबाडी होते म्हणून. आठवतंय ना सगळ्यांना? चौकशी झाली. इथंच, याच हॉलमध्ये आक्काला उभं केलं. साहेबांनी विचारलं, "कुणाला जास्त, कुणाला कमी, असं का वाढता?" आक्का खाली मान घालून गप्प. फाइलीत शेरा बसला आणि आक्काची वाढपावरून भांडी घासायला रवानगी झाली. अर्ज सिदू वाहकाचा, असं सगळ्यांनी धरलं, कारण त्याचं आक्काशी चहावरून वाजलं होतं. सिदू शपथा घेऊन दमला.

त्याच आठवड्यात माझा तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा रिपोर्ट आला. पहिल्या वेळची साडेदहा टक्के सव्वासातवर आली होती. डॉक्टर खूश. म्हणाले, "काय खाता?" मी तक्रारीच्या सुरात सगळं सांगितलं. ते हसले, "अहो, हेच तर मी कागदावर लिहून दिलं होतं."

मी तसाच मोरीपाशी गेलो. राखेनं हात भरलेले, आक्का कढई घासत होती.

"आक्का, तुमाला म्हायती होतं?"

"टोपलीत कागद गावला. नाव तुमचं होतं की. नातीनं, काव्यानं, वाचून दावला."

"मग सायबांना का न्हाय सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुमची गाडी ऱ्हायली असती व्हय?"

अर्ज कुणाचा, हे तेव्हा तिला सांगायची हिंमत झाली नाही. दीड वर्ष ती भांडी घासत राहिली आणि मी तिच्यासमोरून ताट घेऊन जात राहिलो.

सिदू, अर्ज तुझा नव्हता. माझा होता.

साहेब, मला मधुमेह आहे. ताट सांभाळल्यामुळं आज आटोक्यात आहे, सगळे रिपोर्ट खिशात आहेत. उद्या सकाळची करमाळा गाडी माझ्याकडं ठेवायची की नाही, ते तुम्ही ठरवा. पण आक्काच्या फाइलीतला तो शेरा ती गेट ओलांडायच्या आत खोडा, एवढी हात जोडून विनंती.

दोन मिनिटांची दहा झाली, तरी ऐकून घेतलंत, सर्वांचा आभारी आहे. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. अर्जाचं मात्र सभेनं माफ करून चालणार नाही. ते आक्का, तुमीच ठरवायचं. मी खाली येऊन तुमच्यापुढं उभा ऱ्हातो. लगेच 'व्हय' म्हणू नका, मला खरं वाटायचं न्हाय.