तापलेल्या खडीवर

हाडांच्या डॉक्टरांकडे माझ्या पुढच्याच बाकावर कमरेला पट्टा बांधलेला, रस्त्याच्या कामावरचा एक मुकादम आणि त्याची बायको बसली होती.

“अहो, रिक्षा कोपऱ्यावर वळली आणि दणके थांबले बघा. हाच ना भाऊजींचा प्लॅस्टिकचा रस्ता?”

“तुझ्या बहिणीच्या नवऱ्याचं कौतुक मला नको सांगूस. फाटक्या पिशव्या डांबरात घातल्या म्हणून कुणी मोठा होत नाही.”

“तीन वर्षं झाली, एक खड्डा नाही.”

“पडेल.”

“आणि कोपऱ्याच्या अलीकडचा रस्ता कुणी केला होता?”

“मीच. पण खालची पाइप फुटली, त्याला मी काय करू?”

“भाऊजी बिचारे सत्काराच्या दिवशीसुद्धा तुमचंच नाव घेत होते. मोठ्या साडूंमुळे जमलं म्हणाले.”

“घेणारच! प्लॅस्टिकचा चुरा डांबरात घातला की नुसते गोळे व्हायचे. रडकुंडीला येऊन माझ्याकडे आला होता. मी म्हटलं, चुरा आधी तापलेल्या खडीवर टाक, डांबर मागून ओत.”

“अगंबाई! म्हणजे युक्ती तुमचीच की! मग चारचौघांत सांगत का नाही?”

“हळू बोल.”

“का म्हणून? मी तर आजच धाकटीला फोन करून सुनावते.”

“नको गं, बाई. खडीवर पडला की सगळा चुरा जळून खाक होईल आणि याचं चांगलं हसं होईल, म्हणून सांगितलं होतं मी.”