इंजिन किल्ली मागतंय

लॉर्ना : खेकडे छान आहेत, क्लेम. निळेशार, अजून वळवळताहेत. आता खरं काय ते बोल.

क्लेम : खरं म्हणजे? धक्क्यावर गेलो होतो, जाळ्यात भरपूर आले. म्हटलं, लॉर्नाला चार देऊन यावेत.

लॉर्ना : तुझं गॅरेज मूंटा गावाच्या त्या टोकाला, माझं घर या टोकाला. डेन्झिलला मातीत ठेवलं त्या दिवसापासून तू हे फाटक ओलांडलेलं नाहीस. आणि आज एकदम खेकडे.

क्लेम : तूच म्हणाली होतीस येऊ नका म्हणून.

लॉर्ना : तुला नव्हतं म्हटलं. तुझ्या भाच्याला म्हटलं होतं.

क्लेम : जोरीला म्हटलंस ते मला म्हटल्यासारखंच. माझ्याच छपराखाली राहतो तो. चहात दूध जरा जास्त घाल. तुझं ते गवत कापायचं यंत्र काय म्हणतंय? मागे धूर सोडायचं.

लॉर्ना : ताकाला येऊन भांडं लपवू नकोस. टोपी हातात घेऊन बसला आहेस. टोपी काढलेला क्लेम ट्रेझाइझ मी फक्त देवळात पाहिलाय.

क्लेम : बरं, विचारतो. डेन्झिलच्या युटची किल्ली तुझ्याकडेच आहे ना?

लॉर्ना : का?

क्लेम : असंच.

लॉर्ना : गेलेल्या पोराच्या गाडीची किल्ली कुणी असंच विचारत नाही. आहे माझ्याकडे. पोलिसांनी पिशवीतून आणून दिली, घड्याळ आणि पाकिटाबरोबर. तुला तिचं काय करायचंय? युट भंगारवाल्याने नेली. आत्तापर्यंत दाबून तिचा पत्रा झाला असेल.

क्लेम : पत्रा झाला. पण भंगारवाले इंजिन दाबत नाहीत, लॉर्ना. ते आधी काढून ठेवतात.

लॉर्ना : आणि?

क्लेम : ते इंजिन माझ्या गॅरेजात आहे. आमच्या म्हाताऱ्याची मोनारो गाडी आठवते ना? आईला चर्चमध्ये सोडायला काढायचा ती, नारिंगी. तिचं जुनं सहा सिलिंडरचं इंजिन पार गेलं होतं, पेट्रोलपेक्षा तेल जास्त प्यायचं. त्या जागी डेन्झिलचं बसवलंय. आठ सिलिंडर, इंजेक्शनवालं. मोनारोच्या पोटात ते मावावं म्हणून काय काय केलं विचारू नकोस. एक्झॉस्ट नवा बांधला, टाकीत पंप घातला, पुढचे ब्रेक बदलले. एवढी ताकद जुन्या ब्रेकांवर सोडायची म्हणजे पोराच्या हातात बंदूक देण्यासारखं.

लॉर्ना : मला न विचारता.

क्लेम : भंगारवाल्याकडून रीतसर आणलं.

लॉर्ना : रीतसर आणलंस, कबूल. मी म्हणतेय, मला न विचारता. मग आता किल्ली कशाला?

क्लेम : इंजिन फिरतं, पण पेट घेत नाही. हल्लीच्या इंजिनाला कॉम्प्युटर असतो. किल्लीत एक चिप असते, ती ओळखीची दिसली तरच तो पेट्रोल सोडतो. आम्ही इंजिन आणलं, कॉम्प्युटर आणला, वायरींचं अख्खं जाळं सोडवून आणलं. आणि किल्ली राहिली.

लॉर्ना : जन्म गेला तुझा गॅरेजात, आणि किल्ली विसरलास?

क्लेम : जन्म जुन्या गाड्यांत गेला, म्हणून तर विसरलो. जुन्या गाडीत पेचकस खुपसून फिरवला तरी ती बिचारी चालू होते. किल्ली हा इंजिनाचा भाग असतो, हे या डोक्यात शिरतच नाही.

लॉर्ना : पटलं असतं. पण माझ्या बहिणीच्या मुलाने त्याच्या गाडीत असलंच इंजिन बसवलं, तेव्हा ॲडलेडहून एकजण लॅपटॉप घेऊन आला होता. त्याने ते कुलूप पुसून टाकलं. चहा संपायच्या आत गाडी चालू. तुला तो माणूस ठाऊक नाही असं सांगू नकोस.

क्लेम : ठाऊक आहे.

लॉर्ना : मग त्याला बोलावलं असतंस तर मला कळलंही नसतं. तरी तू माझ्या दारात येतोस, टोपी काढतोस. पाणी कुठंतरी मुरतंय. किल्ली घातली की तो कॉम्प्युटर काय सांगणार आहे? डेन्झिल किती वेगात होता ते?

क्लेम : नाही गं. त्याला हवा किती आणि पेट्रोल किती एवढंच कळतं. त्या रात्रीचं त्यात काहीही नाही.

लॉर्ना : मोनारो कुणासाठी बांधतोयस?

क्लेम : घरचीच गाडी आहे.

लॉर्ना : तुला वाकून बुटाची नाडी बांधता येत नाही. इंजिन खाली कुणी सोडलं? वायरी कुणी जोडल्या?

क्लेम : लॉर्ना...

लॉर्ना : नाव घे.

क्लेम : जोरीने. गाडी जोरीची आहे. त्यानेच इंजिन शोधलं, त्यानेच बसवलं. मी नुसता स्टुलावर बसून पाने देत होतो.

लॉर्ना : उचल तुझे खेकडे.

क्लेम : लॅपटॉपवाल्याला मी बोलावणारच होतो. जोरीने बोलावू दिलं नाही. म्हणाला, काकूंना विचारल्याशिवाय नाही. घर फोडून आत शिरल्यासारखं होईल म्हणाला.

लॉर्ना : आणि विचारायला मामाला पाठवलं. वा रे धीट.

क्लेम : आलाय तो. फाटकाबाहेर माझ्या गाडीत बसलाय. आत यायची छाती होत नाही त्याची.

लॉर्ना : बोलव. येऊ दे आत. मलाही त्याला एक विचारायचंच होतं.

(जोरी येऊन दाराशी उभा राहतो. त्याला कुणी बस म्हणत नाही.)

जोरी : नमस्कार, काकू.

लॉर्ना : पोलिसांना किल्ली कुणाच्या खिशात सापडली?

जोरी : माझ्या.

लॉर्ना : ऐकलंस, क्लेम? माझा मुलगा लांब बार्लीच्या शेतात जाऊन पडलेला, हा सीटचा पट्टा बांधून गाडीत, आणि किल्ली याच्या खिशात. गाडीची किल्ली कुणाच्या खिशात असते? जो चालवतो त्याच्या.

क्लेम : पोलिसांनी सगळं तपासलं. डेन्झिल चालवत होता असं त्यांनीच सांगितलं.

लॉर्ना : मेलेल्याच्या नावावर घालणं सगळ्यांत सोपं. तो उठून नाही म्हणत नाही.

जोरी : मी चालवत नव्हतो, काकू.

लॉर्ना : तू असंच म्हणणार. शर्टाची बटणं काढ.

क्लेम : हे काय, लॉर्ना?

लॉर्ना : गाडी उलटली तेव्हा पट्ट्याने याचं खांद्याचं हाड मोडलं होतं. चालवणाऱ्याचा पट्टा उजव्या खांद्यावरून येतो, शेजारी बसणाऱ्याचा डाव्या. इस्पितळात मी याला भेटायला गेले नाही, नंतर याचं तोंड बघितलं नाही. आज बघते. काढ बटणं.

जोरी : हे बघा. इथे. आत स्टीलची पट्टी घातलीय, हात लावला तर लागते हाताला.

लॉर्ना : उजेडात ये.

जोरी : आलो.

लॉर्ना : डावा.

क्लेम : डावाच आहे, लॉर्ना. मी त्याच्या मलमपट्ट्या केल्यात.

लॉर्ना : दोन उन्हाळे मी मनात उजवा धरून बसले होते. रोज. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना. डावा आहे हा.

जोरी : मी डावीकडेच बसलो होतो. त्याला म्हटलं होतं, पट्टा लाव. तो म्हणाला, इथे तर जायचंय, घरापर्यंत.

लॉर्ना : मग किल्ली?

जोरी : चाकं वर होती आणि इंजिन चालूच होतं. मोठ्याने ओरडत होतं. पेट्रोलचा वास यायला लागला. मी उलटा लटकत चाचपून ते बंद केलं. किल्ली उपसली आणि खिशात टाकली. का टाकली ते सांगता येत नाही. गाडी बंद केली की किल्ली खिशात जाते, हाताची सवय. मग एकदम सगळं शांत झालं. मला वाटलं, आता तो हाक मारेल. मी ऐकत राहिलो.

लॉर्ना : हे मला तेव्हाच का नाही सांगितलंस?

जोरी : आलो होतो. दोनदा. तुम्ही बागेतली पाण्याची नळी धरलीत माझ्यावर.

लॉर्ना : धरली होती.

क्लेम : घरी आला तर बुटातून पाणी निघत होतं.

लॉर्ना : तू गप्प बस, क्लेम. तुला जग ओस पडलं होतं का रे, जोरी? दुसरं कुठलं इंजिन नव्हतं?

जोरी : ब्रेकचे भाग बघायला गेलो होतो भंगारवाल्याकडे. तिथे फळ्यांवर ठेवलं होतं. डेन्झिलने वरच्या झाकणाला निळा रंग दिला होता ना, तुमच्या फाटकाचा उरलेला. लांबूनच ओळखलं. कुणीतरी दुसरा बघत होता, बोटीसाठी की कशासाठी. मला बघवलं नाही. आणि लॅपटॉपवाला कुलूप पुसतो, पण डेन्झिलने स्वतःच्या कानाने ऐकून जे जुळवलं होतं तेही पुसतो. गाडी हळू झाली, थांबली की जरा अडखळायचं ना ते, ते सगळं जाईल. मग ते कुणाचंही इंजिन.

लॉर्ना : त्या अडखळण्यावरून तर मी ओळखायचे. कोपऱ्यावर गाडी वळली की मी दिवा मालवून झोपेचं सोंग घ्यायचे. एवढा घोडा झाला तरी आई जागी असलेली त्याला आवडायची नाही.

क्लेम : किल्ली चालते का अजून?

लॉर्ना : बटण दाबलं की लाल दिवा लागतो. आतला सेल मी संपू देत नाही, बदलते. वेडेपणा आहे, माहीत आहे मला. फार आठवण येते, क्लेम. दुसरं काय करू?

क्लेम : किल्ली एकदा ओळखली गेली की तिच्यावरून दुसरी करून घेता येते. ही लगेच तुला परत.

लॉर्ना : किल्ली मी देणार नाही.

क्लेम : बरं. चल, जोरी.

लॉर्ना : थांबा. देणार नाही म्हटलं, येणार नाही असं नाही म्हटलं. किल्ली माझ्या हातात राहील आणि मीच फिरवीन.

क्लेम : आमच्याकडे नवं इंजिन पहिल्यांदा मालक चालू करतो, असा रिवाज आहे. पण मालकाचंच काही म्हणणं नसेल तर...

जोरी : काकूच करतील. पण काकू, आवाज अगदी तसाच येईल. तुम्हाला सोसवेल?

लॉर्ना : मी तो कोपऱ्यावर ऐकायचे. तू तो शेवटचा ऐकलास. तुला सोसवेल का, ते सांग.

जोरी : माहीत नाही. म्हणून तर एकट्याने चालू करायचं नव्हतं मला.

लॉर्ना : मग तू माझ्या शेजारी बस. आणि पट्टा लाव.

जोरी : गाडी गॅरेजातच उभी असणार आहे, काकू. जागची हलणारसुद्धा नाही.

लॉर्ना : असू दे. लाव.