मावळ्याचा मोठा अंगरखा

हॅलो?… हो मंदाताई, वासंतीच बोलतेय… दुकानातच आहे. बिबवेवाडी सोडून जाणार कुठे…

हो, बांधून झालं सगळं. मावळे एका गाठोड्यात, पेशवे दुसऱ्यात, खान-सरदार तिसऱ्यात. नाटकाचे पोशाख भाड्याने देणारं दुकान, तीन गाठोड्यांत मावलं… नाही गं, रडत नाहीये. काहीच वाटत नाहीये, तेच तर सांगतेय. हे गेल्यापासून शटर उघडते, शटर ओढते. पोशाख जातात, मळून परत येतात. कशासाठी, ते मला विचारू नकोस…

विकत घेणाऱ्याचा टेम्पो चारला ना?… हो, हो… अगं ऐक ना. घोटाळा झालाय. त्यातला एक मावळा मी भाड्याने दिला… आत्ताच… हो, विकलेल्या मालातला. ऐक तरी.

मेहबूबभाई आले होते. मागच्या सोसायटीतले, वायरिंगची कामं करतात… तेच. दरवर्षी शिवजयंतीच्या नाटकाला खानाचा पोशाख नेतात… हौस कसली, सोसायटी त्यांनाच देते ते काम. तेही हसून करतात. मी आपला खानाचा काढायला लागले, तर म्हणाले, "ताई, यंदा मावळा मिळेल का? माझ्या मापाचा?"

…हो. मावळाच मागितला.

मग गाठोडं सोडलं. आपले मावळे सगळे काटकुळे. एकच मोठा अंगरखा, तोही छातीत बसेना. शिवण उसवली, पट्टी घातली… नाही, जादा पैसे नाही घेतले. तू पण ना.

घालून आरशासमोर उभे राहिले. बराच वेळ. मुंडासं मीच बांधून दिलं. म्हणाले, "एकच वाक्य आहे, ताई. पण घरचे सगळे येणारेत बघायला."

…मला काय वाटायचंय? काही नाही वाटलं. ते गेले आणि मला भूक लागली… खरंच. डबा संपवला. कित्येक महिन्यांनी चव कळली. भेंडीत मीठ जास्त होतं.

नाही, आनंद वगैरे नाही. लगेच तसं धरून बसू नकोस… पण टेम्पो नको पाठवूस. तुझ्या ओळखीचा आहे, तूच सांग त्याला… चिडू दे…

कारण काय सांगू? अगं, सोमवारी मेहबूबभाई पोशाख परत घेऊन येतील. शटर बंद दिसलं, तर तो हातात घेऊन किती वेळ उभे राहतील ते?

…ठेवते.