होट्टलच्या देवीची ओटी

शेजारच्या शांताकाकूंच्या दारात गाडी आली की मी विचारतेच, कुठं निघालात? त्या दिवशी काकूंचा लेक आणि सून सुरेखा म्हणाले, होट्टल गावची जुनी देवळं बघायला. मला कुणी चला म्हणालं नव्हतं, तरी मी बसले.

काकूंनी पिशवीत खण-नारळ घेतला होता. नवरा गेल्यापासून गावच्या देवळात त्यांना कुणी देवीची ओटी भरू देत न्हाई. गाडीत हळूच मला म्हणाल्या, "पडक्या देवळात ना गुरव, ना गावातल्या बाया. तिथं कोण अडवतंय?"

अडवलं ते सुनेनंच. एका कोनाड्यात देवी दिसली. काकूंनी डोक्यावर पदर घेतला, तशी सुरेखा पुढं झाली. "आत्याबाई, तुम्ही नका. बरं दिसत न्हाई. आणा, मी भरते." आणि खण-नारळ काढूनच घेतला. लेक तिथंच फोटो काढत राहिला.

मग त्यानंच मोबाइलची बॅटरी देवीवर मारली. "अगं थांब, हिचे दोन्ही हात तुटलेत. खंडित मूर्तीची पूजा करू न्हाई, घराला बाधतं."

सुरेखानं चटकन हात मागं घेतला. खण-नारळ सासूपुढं धरला. "मग आत्याबाई, तुम्हीच भरा."

काकूंनी निवांत ओटी भरली, नमस्कार केला. उठताना सुनेकडं बघून म्हणाल्या, "घराला बाधतं म्हणला न्हाई का ह्यो? मग मी कुण्या घरातली गं?"