बंद केलेली गोळी

२००२ साली इंदिरानगरच्या एका दवाखान्यात मी नंबराची वाट पाहत होते. शेजारी एक तरुण शिक्षिका आणि तिची आई बसली होती. मुलीच्या हातात रक्ताचा रिपोर्ट होता.

"आई, थायरॉइडची गोळी बंद करा असं डॉक्टरांनी सांगितलंच नव्हतं. आत्ता काउंटरवरच्या बाईंनी फाइल दाखवली मला."

"हळू बोल, लोक ऐकतायत."

"ऐकू देत. चार महिने तू सांगत होतीस, डॉक्टर फोनवर म्हणाले, आता गरज नाही."

"तुझ्या भल्यासाठीच केलं, वृंदा. जन्मभर गोळी घेणारी मुलगी कोण पत्करेल?"

"आणि जाडी पत्करतात? काकडी आणि ताकावर राहिले, रोज पहाटे मैदानाला फेऱ्या मारल्या, तरी नऊ किलो वाढले!"

"मला वाटलं, चोरून खातेस."

"नुसतं वाटलं नाही, मावशीसमोर बोललीस. माझ्या पर्समध्ये वेफर्स शोधलेस."

"चुकलं गं. पण रविवारी देवळ्याची मंडळी बघायला येतायत, त्यांच्यासमोर हे..."

"मीच सांगणार आहे. चहा देतानाच."

"उठून जातील ती!"

"जाऊ देत. फळ्यावर लिहायला हात वर होत नाही माझा. वेणीची उंदराची शेपटी झालीय. ते नाही दिसलं तुला?"

"वृंदा आहेर!" आतून हाक आली. दोघी उठल्या.

"तू बस, आई. डॉक्टर काय म्हणतात ते या वेळी मी स्वतः ऐकणार आहे."