कपाटामागचा कागद

नाही हो, बूट काढू नका — वरूनच चढवा ह्या लोकरीच्या सपाता, सगळेच चढवतात, लाकडी जमिनीला ओरखडे नकोत म्हणून — आता जमीन तुमचीच म्हणा, पण महिनाअखेरपर्यंत ही गढी माझ्या हवाली आहे. तुम्हाला ‘सरकार’ म्हणायचं का? तुमच्या आजोबांना माझा आजा म्हणायचा, टोपी काढून. माझ्याकडे टोपी नाही.

ही दिवाणखान्यातली खुर्ची — अहं, बसू नका! प्रत्येक वस्तूखाली नंबर आहे, तीन हजार नऊशे बारा, सगळे माझ्या अक्षरात. नवरा म्हणायचा, एक दिवस मलाही चिकटवशील. गेला सोडून ब्रनो शहरात, बिननंबरचा.

आणि हे कपाट. वाळवीसाठी सरकवलं, तर मागे पाकीट — तुमच्या आजोबांचा अर्ज, जर्मन नागरिकत्व नको, आम्ही चेकच, वर लढाईच्या वेळचा शिक्का. लढाईनंतर जर्मनांची म्हणून सरकारजमा झालेली ही गढी परत मिळवायला ज्या कागदावाचून कोर्टात तुमचा वकील चार वर्षं अडला होता, तोच! पेपरात काय आलं — ‘गढीच्या व्यवस्थापनाने सादर केला’. कसलं व्यवस्थापन? मी आणि एक झाडू. मीच नंबर टाकला, वहीत चढवला, पाठवून दिला.

प्रामाणिक? छे. दोन दिवस पिठाच्या डब्यात दडवला होता. शेगडी पेटलेली, एक काडीसुद्धा लागली नसती — हे मी तुम्हाला का सांगतेय? — पण अनेश्काला सापडला. माझी मुलगी, सहा वर्षांची, मागच्या जिन्यावरच्या आमच्या दोन खोल्यांतच वाढलेली. म्हणते, आई, ह्याला नंबर लावायला विसरलीस? आता काय सांगायचं तिला? खोटं बोलणाऱ्या बायका चटकन बोलतात, मी तेवढ्यात डिंक शोधायला लागले.

काय म्हणालात? राहू मी? तिकिटं फाडायला? — आणि खोल्या? — बरोबर, खोल्या वकीलसाहेबांच्या कचेरीला. मग मी राहू कुठे, तिकिटाच्या खिडकीत?

नको, आभार मानू नका. उपकार नाही केला, चूक केली, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा तीच करीन, हीच माझी रड आहे.

निघा आता. शाळा सुटायची वेळ झाली. तुम्हाला बघून ती विचारेल, हे कोण — आणि घर सोडायचंय, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. पुढच्या दाराने नको, ती तिथूनच येते. जा.